परिषदेच्या सत्रात एसएमएसवरून प्रश्न कसे घ्यायचे: पहिल्यांदाच जबाबदारी आलेल्यांसाठी

वक्त्याचं बोलणं संपतं, सूत्रसंचालक विचारतात, "कुणाला काही विचारायचंय?" आणि माइक पहिल्या दोन रांगांतच फिरत राहतो. तिथली चार माणसं बोलतात, त्यातलं एखादं तर प्रश्न न विचारता स्वतःचंच छोटं भाषण करतं, आणि वेळ संपते. मागे बसलेली, नव्याने त्या क्षेत्रात आलेली, भर सभेत बोलताना ज्यांचा आवाज कापतो अशी माणसं प्रश्न मनातच ठेवून घरी जातात. ऐकू न येणारी किंवा बोलताना अडखळणारी माणसं तर या माइकच्या खेळात धरलेलीच नसतात.

एसएमएसवरून प्रश्न घेतले की हे बदलतं. स्वयंसेवक म्हणून बऱ्याच सत्रांना मी हे काम केलंय. पहिल्या वेळी आमच्याकडून इतक्या गोष्टी राहून गेल्या की आलेल्या प्रश्नांपैकी निम्मे मंचापर्यंत पोचलेच नाहीत. तंत्राचा भाग एका दुपारी शिकता येतो. कस लागतो तो आलेल्या प्रश्नांशी प्रामाणिक राहण्यात, आणि तयारी कमी पडली की नेमकं तेच निसटतं. म्हणून सगळं क्रमाने लिहितोय.

१. एसएमएसच हवा का, हे आधी ठरवा

स्लायडो, मेंटीमीटर यांसारखी साधनं चांगली आहेत. क्यूआर कोड स्कॅन केला की प्रश्न टाकता येतो, इतरांच्या प्रश्नाला मतही देता येतं. सभागृहातलं इंटरनेट भक्कम असेल आणि सगळ्यांकडे स्मार्टफोन असतील, तर ती खुशाल वापरा. पण शेकडो माणसं एकाच वाय-फायवर आली की पान उघडता उघडत नाही, आणि मतांच्या पद्धतीत आधी आलेला प्रश्न वर चढतो नि वरच राहतो. उशिरा सुचलेला, बहुधा अधिक खोल असलेला प्रश्न खाली दबतो.

एसएमएसला मोबाइल डेटा लागत नाही. कॉल जोडण्यासाठी फोन आणि टॉवर यांच्यात नियंत्रणाचे जे छोटे संदेश चालतात, त्यांच्याच वाटेने तो जातो. त्यामुळे साध्या बटणांच्या फोनवरूनही पाठवता येतो. काही डाउनलोड करायला नको, खातं उघडायला नको, पासवर्ड आठवायला नको.

व्हॉट्सॲपवर का नाही, असं हमखास विचारतात. तिथे डेटा लागतो, शिवाय पाठवणाऱ्याचं नाव आणि फोटो प्रश्नासोबत येतो. वरिष्ठांसमोर अडचणीचा प्रश्न विचारू पाहणाऱ्याला तेच नको असतं. एसएमएसमध्येही नंबर दिसतोच, पण तो फक्त एका माणसाला दिसेल अशी सोय करता येते. ती पुढे सांगतो.

२. वेगळा नंबर घ्या

कुणाचाही रोजच्या वापरातला नंबर जाहीर करू नका. एक तर त्या माणसाला पुढे कितीतरी दिवस संदेश येत राहतात. दुसरं म्हणजे त्याचे खाजगी निरोप आणि बँकेचे ओटीपी प्रश्नांच्या रांगेत येऊन बसतात. आमच्या एका सत्रात ओटीपी थेट पडद्यावर झळकला होता.

नवं सिम घ्या, आणि परिषदेच्या निदान आठवडाभर आधी चालू करून ठेवा. बंद पडलेले नंबर कंपन्या काही काळाने दुसऱ्या ग्राहकाला देतात, त्यामुळे आधीच्या मालकाचे संदेश तुमच्याकडे येऊ शकतात. आठवड्यात ते कळतं. तसं झालं तर सिम बदला, पण पोस्टर छापण्याआधी.

मोठ्या परिषदांसाठी एसएमएस सेवा देणाऱ्या कंपन्यांकडून नंबर भाड्याने घेता येतो. आलेला प्रत्येक संदेश त्या थेट तुमच्या संगणकावर पोचवतात. काही कंपन्या पाच-सहा अंकी छोटा कोडही देतात. लक्षात ठेवायला तो सोपा असतो, पण परदेशी सिमवरून आलेले संदेश अशा कोडपर्यंत बहुतेक वेळा पोचत नाहीत. बाहेरच्या देशांतून पाहुणे येणार असतील तर पूर्ण लांबीचा नंबर घ्या आणि तो देशाच्या कोडसकट, अधिकचं चिन्ह लावून छापा.

एकाच सभागृहापुरतं काम असेल तर भाड्याच्या नंबरची गरज नाही. एक अँड्रॉइड फोन आणि दोन लॅपटॉप पुरतात. पुढचं सगळं त्याच मांडणीबद्दल आहे.

३. फोनची तयारी

फोनवर गूगल मेसेजेस ठेवा आणि त्याची वेब आवृत्ती लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये क्यूआर कोडने जोडा. मग संदेश मोठ्या पडद्यावर वाचता येतात, कॉपी करता येतात. या जोडणीसाठी फोन आणि लॅपटॉप दोन्हींना इंटरनेट लागतं, श्रोत्यांना मात्र लागत नाही. ते गेलंच तर फोन हातात घेऊन वाचायची तयारी ठेवा.

फोनमध्ये या तीन गोष्टी न विसरता करा.

आरसीएस, म्हणजे सेटिंगमध्ये जिथे चॅटच्या सुविधा लिहिलेल्या असतात, ते बंद करा. ते चालू असेल तर पाठवणाऱ्याचा फोन साध्या एसएमएसऐवजी इंटरनेटवरून संदेश पाठवू पाहतो आणि सभागृहात डेटा अडखळला की संदेश तिथेच लोंबकळतो. हे काही दिवस आधीच करा, कारण इतरांच्या फोनना हा बदल कळायला वेळ लागू शकतो. आयफोन वापरत असाल तर त्याच कारणासाठी आयमेसेज बंद ठेवा.

स्पॅमची चाळणी बंद करा. तुम्हाला येणारा प्रत्येक संदेश अनोळखी नंबरवरून असणार, आणि फोन अशा संदेशांकडे संशयाने पाहतो. पहिल्या वेळी आमचे कितीतरी प्रश्न स्पॅमच्या कप्प्यात पडून होते, आणि ते आम्हाला दुसऱ्या दिवशी दिसले. चाळणी बंद केली तरी सत्र चालू असताना अधूनमधून तो कप्पा उघडून बघाच.

येणारे कॉल दुसरीकडे वळवा किंवा आवाज पूर्ण बंद ठेवा. नंबर जाहीर झाला की कुणीतरी फोन करून बघतंच.

जुना साधा फोन किंवा यूएसबी मोडेम वापरणार असाल तर संदेश सिमवर साठत नाहीत ना, हे पाहा. सिमवर मोजकेच संदेश मावतात. जागा भरली की पुढचे संदेश मोबाइल कंपनीच्या एसएमएस केंद्रात अडकून राहतात आणि तुम्हाला वाटतं की प्रश्न यायचे थांबले.

४. ७० अक्षरांचं गणित समजून घ्या

एका एसएमएसमध्ये १४० बाइट मावतात. रोमन लिपीत एक अक्षर सात बिटांत बसतं, म्हणून १६० अक्षरं होतात. जर्मन अभियंते फ्रीडहेल्म हिलेब्रांड यांनी १९८५ च्या सुमारास टाइपरायटरवर सुचतील ती वाक्यं लिहून मोजली आणि जवळजवळ सगळी १६० च्या आत बसतात असं त्यांना आढळलं, ही गोष्ट बरीच सांगितली जाते. माझा अनुभव त्याला धरूनच आहे. चांगला प्रश्न तेवढ्या जागेत बसतो.

देवनागरीत मात्र एका चिन्हाला सोळा बिट लागतात, म्हणून मर्यादा थेट ७० वर येते. तीही मात्रा, अनुस्वार, हलन्त वेगवेगळे धरून. 'प्रश्न' हा शब्द फोन सहा चिन्हांचा मोजतो. 'श्रोत्यांनी' डोळ्यांना तीन अक्षरांचा दिसतो, फोनच्या हिशेबात तो अकरा चिन्हांचा आहे. म्हणजे मराठीत साधारण दहा-बारा शब्द झाले की संदेश दोन तुकड्यांत मोडतो. मोडल्यावर प्रत्येक तुकड्यात ६७ चिन्हंच मावतात, कारण तुकडे पुन्हा जोडण्याच्या खुणेला थोडी जागा जाते. रोमन लिपीतही एखादी इमोजी टाकली की पूर्ण संदेश ७० च्या हिशेबात जातो.

श्रोत्यांना हे समजावत बसू नका. त्याचे परिणाम तेवढे लक्षात ठेवा. तुकडे फोन आपोआप जोडतो, पण सगळे पोचेपर्यंत संदेश दिसत नाही किंवा अर्धाच दिसतो. अर्धवट प्रश्न दिसला तर तो फेकू नका, मिनिटभर थांबा. आणि पाठवणाऱ्याकडून एकाहून जास्त संदेशांचे पैसे कापले जाऊ शकतात, म्हणून सूचनेत 'थोडक्यात लिहा' हे शब्द हवेतच. मराठी प्रश्न रोमन अक्षरांत आला तरी चालेल, हेही लिहा. वाचणाऱ्याला जरा त्रास होतो, पण लोक मोकळेपणाने लिहितात.

५. माणसं आणि सामान

हे काम एकट्याने करू नका. प्रत्येक सत्राला तिघे हवेत: फोन सांभाळणारा, प्रश्न निवडणारा आणि मंचावरचा सूत्रसंचालक. निवडणारा त्या विषयातला थोडा तरी जाणकार असावा. आमच्याकडे एकदा फक्त टंकलेखन वेगात येतं म्हणून एका मुलाला बसवलं. बिचाऱ्याला दोन वेगळे प्रश्न सारखेच वाटत होते आणि सारखे वेगळे.

सामान असं:

- वेगळं सिम घातलेला फोन, त्याचा चार्जर, आणि ऐनवेळी दगा दिला तर दुसरा फोन
- दोन लॅपटॉप, एक फोन सांभाळणाऱ्याकडे आणि एक निवडणाऱ्याकडे
- सूत्रसंचालकासाठी टॅबलेट, किंवा कोरे कागद आणि जाड मार्कर
- दोघांना उघडता येईल अशी सामायिक स्प्रेडशीट
- नंबराची स्लाइड, आणि दारावर व खुर्च्यांवर ठेवायला छापील चिठ्ठ्या
- आयोजकांची लेखी परवानगी आणि वक्त्यांना आधी पाठवलेली सूचना

वक्त्यांना आधी सांगणं टाळू नका. माइकवरचा प्रश्न विचारणाऱ्याचा चेहरा वक्त्याला दिसतो, इथे दिसत नाही. काहींना ते अवघड जातं, आणि मंचावर बसल्यावर हे समजणं त्यांच्यावर अन्याय आहे.

६. नंबर लोकांपर्यंत पोचवा

नंबर एकदा दाखवून भागत नाही. पहिल्या स्लाइडवर दाखवा, आणि वक्ते तयार असतील तर प्रत्येक स्लाइडच्या तळाशी छोट्या अक्षरांत ठेवा. अंक तीन-चारच्या गटांत तोडून लिहा. चिठ्ठीवर एवढंच लिहा: नंबर, 'प्रश्न थोडक्यात पाठवा', 'नाव लिहिलंत तर वाचू, नाही लिहिलंत तर विचारणार नाही', आणि 'तुमचा नंबर कुणाला दाखवला जाणार नाही, सत्रानंतर पुसला जाईल'.

शेवटची ओळ आहे म्हणून लोक लिहितात. ती छापलीत तर तंतोतंत पाळा.

सूत्रसंचालकांनी सुरुवातीलाच सांगावं की प्रश्न सुचला की लगेच पाठवा, शेवटाची वाट बघू नका. एसएमएस केंद्रात साठून पुढे जातो आणि तो किती वेळात पोचेल याची हमी नसते. बहुतेक काही सेकंदांत येतात, काही पाच मिनिटांनी, एखादा तासाभराने. शिवाय एका सिमवर ते एकामागून एकच येतात. शेवटच्या दोन मिनिटांत सगळ्यांनी पाठवले तर रांग लागणारच.

७. त्याच खोलीत तालीम करा

घरी बसून केलेली चाचणी पुरत नाही. सभागृहं पुष्कळदा तळघरात किंवा जाड भिंतींच्या आत असतात. आदल्या दिवशी वेगवेगळ्या कंपन्यांची सिम असलेले चार-पाच जण घेऊन आत जा. पुढच्या, मधल्या आणि शेवटच्या रांगेतून संदेश पाठवा, मराठीत एक, रोमनमध्ये एक, मुद्दाम लांब एक. प्रत्येक पोचायला किती वेळ लागला ते लिहून ठेवा.

फोन सभागृहातच असायला हवा असं नाही. सिग्नल चांगला असेल त्या खिडकीपाशी, बाहेरच्या खोलीत तो ठेवता येतो. फोन सांभाळणारा तिथेच बसेल आणि स्प्रेडशीटमधून प्रश्न आत जातील. आत सिग्नलच नसेल तर श्रोत्यांचेही संदेश जाणार नाहीत. तेव्हा एसएमएसचा हट्ट सोडा आणि कागदाच्या चिठ्ठ्या गोळा करा. निवडण्याची पद्धत तीच राहते.

८. प्रश्न निवडणं

आता मुख्य काम. फोन सांभाळणारा प्रत्येक प्रश्न स्प्रेडशीटमध्ये टाकतो, नंबर न टाकता. इथेच नंबर आणि प्रश्न वेगळे होतात, आणि पुढे कुणालाही पाठवणारा कोण ते कळत नाही. रकाने चारच ठेवा: वेळ, प्रश्न, मुद्दा, काय झालं. शेवटच्या रकान्यात 'विचारला', 'जोडला', 'राहिला' यांपैकी एक शब्द. कधी कधी एकच संदेश दोनदा येतो, कारण पोच केंद्राला न मिळाल्यामुळे ते पुन्हा पाठवतं. तेव्हा दोन प्रश्न मोजू नका.

निवडणाऱ्याने तीन गोष्टी करायच्या: सारखे प्रश्न जोडायचे, क्रम लावायचा, खाजगी तपशील झाकायचा.

जोडताना जपून. मुलांच्या झोपेवरच्या एका सत्रात सात जणांनी मोबाइलबद्दल विचारलं होतं. वरवर एकच प्रश्न. नीट वाचल्यावर दिसलं की पाच जणांना झोपेआधी फोन किती वेळ बंद ठेवावा हे हवंय, आणि दोघांना हवंय की रात्रपाळीमुळे घरी नसलेल्या आईवडिलांनी व्हिडिओ कॉलवर मुलाला झोपवलं तर चालेल का. ते दोन प्रश्न आम्ही वेगळे ठेवले, आणि त्या दिवसातलं सर्वांत मोलाचं उत्तर त्यावरच मिळालं. अपवादासारखा दिसणारा प्रश्न गर्दीत ढकलून देण्याआधी दोनदा वाचा.

त्याच सत्रात एका आईने मुलीचं नाव, वय, शाळा, चालू असलेलं औषध असं सगळं लिहून पाठवलं होतं. वाचताना आम्ही एवढंच घेतलं: 'शाळकरी मूल रात्री उशिरापर्यंत जागं राहत असेल तर डॉक्टरांकडे कधी जावं?' प्रश्न तिचाच राहिला, मुलगी मात्र सभागृहात ओळखू आली नाही.

आणि आता ज्याबद्दल मी कधीही मागे हटणार नाही ते. अवघड प्रश्न गाळू नका. आयोजक कानात सांगतील, वक्ते ज्येष्ठ असतील, प्रायोजक पुढच्या रांगेत बसले असतील. शिवीगाळ, कुणा व्यक्तीवर वैयक्तिक हल्ला, विषयाशी संबंध नसलेली जाहिरात, एवढंच बाजूला काढायचं. भाषा बोचरी असेल तर बोच कमी करा, आशय तसाच ठेवा. 'तुमचे आकडे खोटे आहेत' याचं 'हे आकडे कसे गोळा केले, आणि त्यात काय सुटलं असेल?' असं करता येतं. 'आकड्यांबद्दल आणखी सांगाल का?' केलंत तर तुम्ही प्रश्न मारला. पाठवणारा समोर बसलेला असतो, आणि त्याला ते लगेच कळतं. पुढच्या सत्रात तो काही पाठवत नाही, शेजाऱ्यालाही सांगतो.

याच कारणाने येणारे संदेश थेट पडद्यावर सोडू नका. उत्साहात पुष्कळ जण ते करतात. लोक वक्त्याचं ऐकायचं सोडून पडदा वाचायला लागतात, आणि एक घाणेरडा संदेश पूर्ण सत्र नासवायला पुरतो. पडद्यावर दाखवायचाच असेल तर विचारला जात असलेला एकच प्रश्न दाखवा. ऐकायला त्रास असलेल्यांना त्याचा खरा उपयोग होतो.

९. मंचावर

सूत्रसंचालकांना एका वेळी तीनच प्रश्न द्या. वीस प्रश्नांची यादी दिली की ते तिथेच वाचत बसतात आणि वक्ते त्यांच्या तोंडाकडे बघत राहतात.

माइक पूर्ण बंद करू नका. काही प्रश्नांना प्रतिप्रश्न लागतो, आणि तो एसएमएसवर होत नाही. दोन प्रश्न फोनवरचे, एक माइकवरचा, असा क्रम मला सर्वांत बरा वाटतो. सुरुवात फोनवरच्या प्रश्नाने करा. पहिलाच प्रश्न वाचला गेला की पाठवलेलं खरंच पोचतं हे लोकांना दिसतं, आणि त्यानंतर संदेशांचा ओघ वाढतो.

प्रश्न सावकाश वाचा, दोनदा वाचला तरी हरकत नाही. लिहिलेली वाक्यं ऐकताना पटकन कळत नाहीत. 'कुणीतरी विचारलंय' अशी मोघम सुरुवात प्रत्येक वेळी नको. 'मागे बसलेल्या तुमच्यापैकी एकाने' असंही नको, कारण लोक माना वळवून शोधायला लागतात. थेट प्रश्न वाचा.

१०. एकाहून जास्त सभागृहं असतील तर

प्रत्येक सभागृहाला वेगळा नंबर द्या. एकाच नंबरवर 'संदेशाच्या आधी अ किंवा ब लिहा' अशी पद्धत कागदावर सुटसुटीत दिसते, पण लोक ते अक्षर विसरतात आणि मग कुठला प्रश्न कुठल्या खोलीतला हे ओळखत बसावं लागतं. एकाच सभागृहात पाठोपाठ सत्रं असतील तर नंबर तोच ठेवा, पण उशिरा पोचलेला आधीच्या सत्राचा प्रश्न पुढच्या वक्त्यासमोर जाणार नाही हे निवडणाऱ्याने बघायचं.

११. सत्र संपल्यावर

'राहिला' लिहिलेले सगळे प्रश्न त्याच दिवशी वक्त्यांना पाठवा आणि लेखी उत्तरं देतील का, असं विचारा. बरेच जण आनंदाने देतात. उत्तरं परिषदेच्या नोंदींबरोबर सगळ्यांना पाठवा. वैयक्तिक नंबरांवर उलट एसएमएस करू नका. लोकांनी नंबर त्यासाठी दिलेला नसतो.

सिम लगेच काढू नका. ज्यांचे संदेश केंद्रात अडकले होते ते रात्री, कधी दुसऱ्या दिवशी सकाळी येतात. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत फोन चालू ठेवा, आलेले प्रश्न यादीत घाला आणि वक्त्यांना तेही पाठवा. मग फोनमधले सगळे संदेश पुसा, स्पॅमचा आणि संग्रहाचा कप्पाही रिकामा करा, लॅपटॉपची जोडणी तोडा. फोनचा बॅकअप चालू असेल तर तिथलेही संदेश पुसा. चिठ्ठीवर तसं छापलंय.